पाहुणा, गिऱ्हाईक आणि शेजारी

इ.स. १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत दिवसाला एक आगगाडी सुरू झाली आणि वसईच्या माणसाला मुंबई जवळ आली. त्यानंतर कैक वर्षे या लोहमार्गावरून वसईच मुंबईला जात राहिली. वाडीतील केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला पहाटेच्या गाडीत चढे, आणि त्याचे पैसे संध्याकाळच्या गाडीने घरी येत. गेल्या चार दशकांत ही दिशा पालटली. आता मुंबई वसईला येते. काही माणसे रविवारपुरती येतात, काही जन्मभरासाठी. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची अनेक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती.

माणूस आला की त्याच्या भुकेची आणि झोपेची सोय करणारेही येतात. वसई रोड, नालासोपारा वा विरार स्थानकाबाहेर पाऊल टाकावे तो पाट्यांची रांग लागते: उडुपी, मालवणी, चायनीज, पोळीभाजी केंद्र, लॉजिंग-बोर्डिंग. महामार्गाच्या कडेला ढाबे आहेत. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब या किनारपट्टीवर रिसॉर्ट आहेत. त्यांतील कित्येक आपल्याच माणसांच्या वाड्यांत उभे राहिले आहेत आणि काही आपलीच माणसे चालवीत आहेत. ज्या अंगणात पूर्वी मांडव पडत असे, तेथे आज खोलीचे दर लिहिलेला फलक दिसतो. म्हणून हा विषय केवळ अर्थकारणाचा वा नगररचनेचा राहत नाही. तो आपल्या धर्मग्रामाच्या आतला, आपल्या उंबरठ्यावरचा नैतिक प्रश्न होतो. आतिथ्य विकता येते काय? आणि विकल्यावर ते आतिथ्य उरते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे तयार असते. वडीलधारी मंडळी ते उसासा टाकून देतात: पैसा आला आणि पाहुणचार गेला. पूर्वी घरी आलेल्याला विन्मुख पाठवीत नसत, आता पाण्याच्या बाटलीचीही किंमत लागते. या उद्गारात सत्य आहे. परंतु ते पूर्ण सत्य आहे असे मानण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. यरुशलेमहून यरीहोस जाणारा वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो, याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि परका शोमरोनी त्याच्या जखमा बांधतो. आपले लक्ष या तिघांवर खिळते. चौथा माणूस मात्र आपण सहसा विसरतो. तो आहे उतारशाळेचा मालक. शोमरोनी जखमीला आपल्या घरी नेत नाही. त्याचे घर दूर आहे. तो त्याला पैसे घेऊन माणसे उतरवून घेणाऱ्या ठिकाणी नेतो, एक रात्र त्याची शुश्रूषा करतो, आणि सकाळी दोन दीनार मालकाच्या हातावर ठेवून सांगतो की अधिक खर्च झाला तर परतताना फेडीन. म्हणजे या दाखल्यातील करुणेला व्यवसायाची गरज पडली. उतारशाळा नसती, तर जखमी मनुष्य रस्त्यावरून उचलला जाऊनही वाचला नसता.

त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. मालकाने पैसे घेतले हे खरे; पण उरलेला हिशेब त्याने विश्वासावर सोडला. ज्यांच्याशी यहूदी लोक व्यवहार टाळीत, अशा जमातीतील एका प्रवाशाच्या शब्दावर त्याने एका अर्धमेल्या अनोळखी माणसाची जबाबदारी घेतली. धंदा करीत असतानाच तो धंद्याच्या पलीकडे गेला.

अशी माणसे केवळ दाखल्यातच भेटतात असे नाही. मुंबईच्या गिरणगावात घरोघरी खानावळ चालविणाऱ्या स्त्रिया होत्या. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जेवू घालीत. १९७४ च्या गिरणी संपात पगार थांबले, तरी या स्त्रियांनी उधारीवर ताटे वाढणे चालू ठेवले. त्यांच्या कष्टाला संघटनेचे बळ मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. या स्त्रिया अन्न विकत होत्या यात शंका नाही. परंतु त्यांच्या ताटात आतिथ्य नव्हते असे कोण म्हणेल? तेव्हा पैसा घेतला म्हणून आतिथ्य मरते, हे उत्तर पुरेसे नाही. त्याला मारणारी गोष्ट दुसरीच कुठली तरी असली पाहिजे.

ती शोधताना संत लूकच्या शब्दयोजनेकडे पाहावे. मरिया आणि योसेफ यांना जेथे जागा मिळाली नाही तेही ठिकाण आणि शोमरोन्याने जखमीला नेले तेही ठिकाण, दोहोंना मराठीत आपण उतारशाळाच म्हणतो. मूळ ग्रीक भाषेत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. बेथलेहेमच्या प्रसंगी ‘कतालुमा’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. आणि प्रभू येशूने शिष्यांसह शेवटचे भोजन जेथे घेतले त्या खोलीसाठीही लूकने हाच शब्द योजला आहे. दाखल्यातील धंदेवाईक उतारशाळेसाठी मात्र ‘पांदोखेइओन’ हा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘सर्वांना घेणारे ठिकाण’ असा आहे. आप्तेष्टांसाठी राखलेली खोली भरलेली होती, आणि सर्वांना घेणारी जागा पैशांवर चालत होती. या दोन शब्दांमधील अंतरात आपल्या प्रश्नाचे मर्म दडले आहे.

आपल्या जुन्या आतिथ्याकडे या उजेडात पाहिले म्हणजे त्याच्या मर्यादा दिसू लागतात. ते उदार होते, पण कोणासाठी? सोयऱ्याधायऱ्यांसाठी, गावकीसाठी, आपल्या जातीच्या माणसांसाठी. वाडीत दिवसभर राबणाऱ्या आदिवासी मजुराचे ताट पडवीत वाढले जाई आणि माजघरात त्याला प्रवेश नसे. बाप्तिस्म्याचे पाणी एकच असले तरी आपल्यातील निरनिराळ्या समाजांत रोटीबेटीच्या भिंती दीर्घकाळ टिकल्या. ‘आमच्याकडे कोणी उपाशी जात नसे’ असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या ‘कोणी’त कोण कोण नव्हते हेही आठवले पाहिजे.

जे काम घराच्या ओसरीने केले नाही, ते पुष्कळ अंशी हॉटेलच्या बाकाने केले. चहाच्या पेल्यावरही जातीचा पहारा होता आणि निराळ्या कपबश्यांचा कलंक कित्येक ठिकाणी फार उशिरापर्यंत टिकला, हे खरे. तरीही शहराच्या गर्दीत शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याचे आडनाव विचारीत बसणे अशक्य झाले. भारताच्या संविधानाने यावर कायद्याची मोहर उठविली. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला तेथे मज्जाव करता येत नाही. याउलट घरांची स्थिती पाहा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व केवळ पारशी समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरविला. म्हणजे एका रात्रीसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला संविधानाचे कवच आहे. जन्मभरासाठी येऊ पाहणाऱ्या शेजाऱ्याला ते तितके लाभलेले नाही. बाजाराचे दार घराच्या दारापेक्षा रुंद ठरावे, हे आपल्याला अंतर्मुख करणारे आहे.

परंतु बाजाराचे दार रुंद असले तरी त्याला एक उंबरठा असतोच, आणि तो किमतीचा. शिवाय त्यात एक सूक्ष्म धोका आहे. इ.स. ४०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमध्ये संत योहान ख्रिसोस्तोम प्रेषितांच्या कृत्यांवर प्रवचने देत होते. ख्रिस्तसभेने तोवर परदेशी वाटसरूंसाठी निवासगृहे उभारली होती, आणि श्रीमंत भाविक म्हणू लागले होते की आता ते काम ख्रिस्तसभा करते, आम्ही कशाला करावे? ख्रिसोस्तोम यांनी त्यांना बजावले की प्रत्येकाने आपल्या घरात परक्यासाठी एक खोली राखावी. दुसऱ्याने प्रार्थना केल्याने आपली प्रार्थना घडत नाही, तसेच हेही. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आपल्या लग्नसमारंभांनाही लागू पडतो. पूर्वी लग्नघरी वाडीतील बायका मसाला कुटायला आणि भाजी चिरायला जमत. इंदेलाच्या हंड्याभोवती शेजारी रात्र जागवीत. आज हॉल घेतला जातो, केटररला माणशी दर ठरवून दिला जातो, आणि यजमानही पाहुण्यासारखा खुर्चीवर बसतो. जेवणाची चव कदाचित अधिक चांगली असेल. हरवले आहे ते एकमेकांचे देणे. मसाला कुटायला आलेल्या शेजारणीचे ऋण तिच्या घरच्या कार्यात फेडावयाचे असे. केटररचे बिल चुकते केले की नाते संपते.

रिसॉर्टच्या बाबतीत हा धोका आणखी ठळक होतो. समुद्रकाठच्या विहिरींतून मर्यादेबाहेर उपसा झाला की जमिनीखालचे गोडे पाणी मागे हटते आणि खारे पाणी आत शिरते. मग केळीची पाने करपतात आणि पिण्याचे पाणी विकत आणावे लागते. वसईचे पाणी आणि हिरवाई यांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभारली. २०२४ साली फादर आपल्यातून गेले. त्यांनी विचारलेले प्रश्न गेलेले नाहीत. पोहण्याच्या तलावासाठी वाडीतून पाणी उपसले जाते, तेव्हा पाहुण्याचे पाय आपण शेजाऱ्याच्या घागरीने धुतो. रात्री उशिरापर्यंत लाऊडस्पीकर गर्जतो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या करमणुकीची किंमत पलीकडच्या घरातील आजारी म्हातारा चुकवितो. ज्या आतिथ्याचे बिल तिसऱ्याच्या नावावर फाडले जाते, त्याला आतिथ्य म्हणता येणार नाही.

आणि या साऱ्यात एक माणूस आपल्या नजरेतून निसटतो. जो ताट आणून ठेवतो, चादर बदलतो, भांडी घासतो, तो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा वा नेपाळमधून आलेली पोरसवदा मुले वा जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी तरुण आपल्या हॉटेलांत राबतात. दुसऱ्यांच्या गाद्या घालणारा हा मुलगा रात्री स्वतः कोठे निजतो? पुष्कळदा बाके जोडून त्याच हॉटेलात, वा एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर पाळीपाळीने. आतिथ्याच्या व्यवसायाची खरी परीक्षा दर्शनी दालनात होत नसते, ती या खोलीत होते.

योगायोग असा की या परीक्षेचा एक फार जुना दाखला याच भूमीत आहे. आजचे गजबजलेले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. दूरदेशीचे व्यापारी येथे उतरत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावात. त्या नवव्या लेखाचा आशय असा की लोक लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. धर्माचा मंगलविधी निराळा आहे, आणि त्यात दास-सेवकांशी नीट वागणे येते. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे शब्द आपल्या किनाऱ्यावर कोरले गेले. त्याच किनारपट्टीवर आज मेजवान्या झडतात आणि वाढप्याला नावानेही कोणी ओळखत नाही.

आपल्या ख्रिस्ती समाजाला हा अनुभव नवा नसावा. गोव्यातील माणसे मुंबईला आणि बोटींवर आचारी, वेटर, वादक, खलाशी म्हणून गेली, तेव्हा त्यांच्या गावांनी मुंबईत ‘कूड’ उभारले. धोबीतलाव परिसरातील जेर महालमध्ये असे कितीतरी कूड होते आणि काही अजूनही आहेत. प्रत्येक गावाचा कूड वेगळा, भाडे नाममात्र, प्रत्येकाची एक पेटी, भिंतीशी वेदी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी. दिवसभर परक्याच्या टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला रात्री आपले म्हणावे असे छप्पर मिळे. घर आणि हॉटेल यांच्या मधली ही तिसरी वाट होती. तिची मर्यादा एवढीच की ती आपल्याच गावच्या माणसासाठी होती. आज आपल्या दाराशी आलेला तरुण आपल्या गावचा नाही, आपल्या भाषेचा नाही, बहुधा आपल्या धर्माचाही नाही. त्याच्यासाठी कूड कोण उभारणार?

२०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, श्रमिक गाड्यांनी गावी जाण्यासाठी हजारो मजूर वसईच्या मैदानावर उन्हात बसले होते. पिशव्या, पोरे, गुंडाळलेली अंथरुणे यांसह. कित्येक वर्षे ज्यांनी आपली घरे बांधली आणि आपल्या हॉटेलांत अन्न रांधले, ते सारे प्रथमच एका जागी दिसले. पुष्कळ तरुणांनी आणि संस्थांनी त्या काळात अन्न वाटले, हे नमूद केलेच पाहिजे. पण इतकी वर्षे येथे राहूनही संकटाच्या पहिल्या तडाख्यात त्यांना हे आपले गाव वाटले नाही, ही गोष्ट अन्नाच्या पाकिटांनी झाकली जात नाही.

येथेच आतिथ्याचा प्रश्न शेजारधर्माचा प्रश्न होतो. पाहुणा जाणारा असतो, म्हणून त्याचे स्वागत सोपे असते. गिऱ्हाईक पैसे देऊन जाते, म्हणून त्याचे स्वागत फायद्याचे असते. शेजारी जात नाही, आणि काही देईलच असेही नाही. आपण अकरा महिन्यांच्या करारावर खोली देतो, करार पुनःपुन्हा वाढवितो, आणि पंधरा वर्षांनंतरही त्या कुटुंबाला ‘भाडोत्री’ म्हणतो. खोली देण्याआधी आडनाव, प्रांत आणि धर्म यांची चौकशी होते. मांसाहारी वा ख्रिस्ती म्हणून मुंबईत आपल्यापैकी काहींना घरे नाकारली गेली आहेत, आणि तो सल आपण विसरलेलो नाही. ज्याला ती वेदना ठाऊक आहे, त्याने तरी दुसऱ्याला तेच दार दाखवू नये.

मग करावे काय? हॉटेले बंद करा, जमिनी पडीक ठेवा, असे सांगणे दांभिकपणाचे होईल. वाडीचे उत्पन्न घटले आहे, मुलांना शिकवावयाचे आहे, आणि प्रामाणिक व्यवसायात लाजण्यासारखे काही नाही. परंतु ज्यांचा व्यवसायच माणसे उतरवून घेण्याचा आहे, त्यांनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्याकडे राबणाऱ्याला निजायला स्वच्छ जागा, आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पगार आहे काय? माझ्या पाहुण्याच्या सुखासाठी माझ्या शेजाऱ्याचे पाणी वा झोप जाते काय? आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत असा अडलेला मनुष्य रात्री दाराशी आला, तर उतारशाळेच्या त्या मालकाइतका विश्वास माझ्या हिशेबाच्या वहीत शिल्लक आहे काय?

ज्यांचे हॉटेल नाही, त्या आपण सर्वांसाठी काम याहून लहान आहे आणि अवघडही. नाताळच्या गोडधोडाचे ताट आपण जुन्या हिंदू शेजाऱ्याकडे पाठवितो, आणि दिवाळीत त्या घरचे ताट आपल्याकडे येते. ताट रिकामे परत करावयाचे नाही, ही आपली रीत आहे. तिच्यामुळे शेजार कधी फिटत नाही, आणि न फिटण्यातच त्याचे सौख्य आहे. हे ताट मागच्या चाळीतल्या नव्या कुटुंबापर्यंत, समोरच्या हॉटेलातल्या त्या मुलांपर्यंत का जाऊ नये? धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणात त्यांच्यासाठी दोन पंगती का असू नयेत? मात्र त्या दानाच्या वेगळ्या पंगती नसाव्यात. आपल्या शेजारच्याच पाटावर त्यांना जागा असावी. त्यांची नावे ठाऊक असावीत, आणि पुढल्या वर्षी त्यांनी आपल्याला काही वाढले तर आपणही ते आनंदाने घ्यावे.

कारण आतिथ्यात घेणाराही लागतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांनी एका अनोळखी वाटसरूला आग्रह करून थांबविले. दिवस उतरला होता, आणि तो पुढे जाण्याच्या बेतात होता. त्यांनी त्याला पाहुणा म्हणून आत नेले. पण भोजनास बसल्यावर भाकर त्याने हाती घेतली, त्याने ती मोडली आणि त्याने त्यांना दिली. बोलाविलेला पाहुणा यजमान झाला, आणि तेव्हाच त्यांचे डोळे उघडले. वसईच्या वाढत्या गर्दीत आज असे कितीतरी वाटसरू संध्याकाळी आपल्या दारावरून पुढे जात आहेत. आपण त्यांना आग्रह करावयाचा की नाही, एवढे ठरविणे अजून आपल्या हाती आहे.